खेळातली झाकली मूठ

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे सरकला की दुपारी मैदाने ओस पडतात. मुले घरात आणि खेळ मोबाइलवर, हे आता बहुतेक घरांचे चित्र आहे. त्यातही लुडो तर आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचाच. 2020 च्या टाळेबंदीत घराघरांत पोहोचलेला ‘लुडो किंग’ हा खेळ नवी मुंबईतल्या कंपनीने बनवलेला आहे. तो किंवा तसा दुसरा कुठलाही लुडो खेळताना एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘हा फासा ठरवून पडतो!’ समोरच्याला हवे तेव्हा सहा पडतात आणि आपली सोंगटी मात्र डझनभर दाने टाकूनही घरातच बसलेली, असे झाले की हा संशय कुणाच्याही मनात येतो.

संशय बरोबर की चूक, हे बाहेरून सांगता येत नाही. मुद्दा तोच आहे. पाटावरचा फासा उचलून, उलटून पाहता येतो. मोबाइलमधल्या फाशाचे काय चालले आहे, हे फक्त तो बनवणाऱ्याला ठाऊक असते. तो ते खेळाडूंना किती मोकळेपणाने सांगतो? वरवर हा प्रश्न कंपनी आणि ग्राहक यांच्यातला वाटतो. प्रत्यक्षात तो आरोग्याचाही प्रश्न आहे, आणि आपल्याकडे त्याची चर्चा फारच कमी होते.

संशयाचे गणित

आधी फाशाचा हिशेब पाहू. फासा अगदी प्रामाणिक असला तरी सलग दहा दाने टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे 16 टक्के असते. म्हणजे साधारण सहा खेळाडूंपैकी एकाला हा अनुभव येणारच. सलग वीस दानांत एकदाही सहा न पडणे दुर्मीळ, तरी शक्यता अडीच टक्क्यांहून थोडी जास्त आहे. एक लाख लोक खेळत असतील, तर त्यांतल्या सुमारे 2,600 जणांच्या वाट्याला हे येईल. त्यांच्यापैकी प्रत्येकाला वाटेल की खेळ आपल्याच मागे लागला आहे. माणसाच्या मेंदूला योगायोग पचत नाही, तो त्यात हेतू शोधतो. शिवाय नशिबाने पडलेले सहा विसरले जातात आणि न पडलेले लक्षात राहतात.

पण म्हणून संशय घेणारा वेडा ठरत नाही. खेळ बनवणारे आकड्यांत फेरफार करतात, हे त्यांच्यातल्याच एका दिग्गजाने जाहीरपणे सांगितले आहे. ‘सिव्हिलायझेशन’ या प्रसिद्ध खेळमालिकेचे जनक सिड मायर यांनी 2010 साली अमेरिकेतल्या खेळनिर्मात्यांच्या परिषदेत एक गमतीदार निरीक्षण मांडले. जिंकण्याची शक्यता तीनास एक असूनही खेळाडू हरला, तर त्याला ती फसवणूक वाटते. गणिताने चारातून एकदा हरणे रास्त, पण मनाला ते पटत नाही. म्हणून आपण खेळातले हिशेब खेळाडूच्या बाजूने झुकवले, असे त्यांनी सांगून टाकले.

खेळाडूच्या समाधानासाठी आकडे झुकवता येतात, तसेच त्याच्या खिशात हात घालण्यासाठीही झुकवता येतात. दोन्हींत फरक कसा ओळखायचा? बाहेरून ओळखता येत नाही. तो सांगावा लागतो.

आरोग्याचा संबंध कुठे?

ठरावीक वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा कधी मिळेल याचा नेम नसलेले बक्षीस मेंदूला जास्त धरून ठेवते, हे मानसशास्त्राने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रयोगांनी दाखवून दिले होते. ‘थोडक्यात हुकले’ असे वाटणे तर हरण्यापेक्षाही पुढच्या डावाकडे जास्त जोराने ओढते. जुगाराची यंत्रे यावरच चालतात. पैसे देऊन बंद पेटी उघडायची आणि आत काय निघेल याची वाट पाहायची, ही आजच्या अनेक मोबाइल खेळांतली सोय त्याच तत्त्वावर उभी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ म्हणजे खेळाच्या विकाराला स्थान दिले. मे 2019 मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि 1 जानेवारी 2022 पासून ते लागू झाले. त्याची खूण तीन गोष्टींत आहे : खेळावर ताबा न राहणे, अभ्यास, काम, झोप, जेवण यांपेक्षा खेळाला वरचे स्थान मिळणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे किंवा ते वाढणे. हे सहसा किमान 12 महिने चालले असावे आणि त्याने घर, शिक्षण किंवा नोकरीची घडी विस्कटलेली असावी. सुट्टीत चार तास खेळणारे प्रत्येक पोर आजारी नसते, हेही यातून स्पष्ट व्हावे. खेळणाऱ्यांपैकी थोड्यांनाच हा विकार होतो. पण त्या थोड्यांपैकी काहींच्या घरची वाताहत मोठी असते.

आता वैद्यकातल्या एका साध्या नियमाकडे पाहा. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला काय करणार, धोका काय, दुसरा पर्याय कोणता, हे समजावून सांगावे लागते, आणि ते त्याला कळेल अशा भाषेत. त्याशिवाय घेतलेली सही ही संमती नव्हे. औषधाच्या वेष्टनावर घटक आणि मुदत छापलेली असते. ज्या गोष्टीचा मेंदूवर परिणाम होतो हे माहीत आहे, जी मुद्दाम तसा परिणाम व्हावा म्हणून रचलेली आहे, तिच्या बाबतीत मात्र ‘अटी मान्य’ या बटणावर एक टिचकी पुरते. ही विसंगती आहे.

गप्प राहण्याची किंमत

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण मूठ झाकणाऱ्याच्या फायद्याची आहे. दक्षिण कोरियात ती मूठ उघडली तेव्हा काय निघाले, हे पाहण्यासारखे आहे.

‘मेपलस्टोरी’ हा तिथला अतिशय लोकप्रिय ऑनलाइन खेळ. त्यात ‘क्यूब’ नावाची वस्तू विकत घेऊन आपल्या शस्त्रांची ताकद वाढवता येते, पण कोणती ताकद मिळेल हे नशिबावर. खेळाडूंना वर्षानुवर्षे वाटत होते की चांगली फळे निघेनाशी झाली आहेत. 2021 साली संतापलेल्या खेळाडूंनी निषेधाचे फलक लावलेले ट्रक रस्त्यावर आणले आणि नेक्सॉन या कंपनीला शक्यतांचे आकडे जाहीर करावे लागले. पुढे तिथल्या व्यापार आयोगाने चौकशी केली. सप्टेंबर 2010 पासून कंपनीने खेळाडूंना न सांगता काही फळांची शक्यता कमी केली होती. पुढच्या वर्षी तर सर्वांत हव्याहव्याशा काही जोड्यांची शक्यता थेट शून्यावर आणली होती, तीही न सांगता. म्हणजे लोक जे कधीच निघणार नव्हते त्यासाठी पैसे भरत होते. जानेवारी 2024 मध्ये आयोगाने सुमारे 1,160 कोटी वॉनचा दंड ठोठावला. त्याच वर्षी 22 मार्चपासून असे आकडे जाहीर करणे कोरियात कायद्याने बंधनकारक झाले.

या प्रकरणातला आरोग्याचा धडा असा की खेळाडूंचा संशय दहा वर्षे ‘हरणाऱ्यांची कुरकुर’ म्हणून झटकला गेला. आपल्या अनुभवावर आपणच विश्वास ठेवू नये, अशी अवस्था माणसाला हळूहळू पोखरते. त्यात जो आधीच ताबा गमावून बसला आहे, तो ‘पुढच्या वेळी निघेल’ म्हणत आणखी खोल जातो. शून्य शक्यता हे दोन शब्द वेळेवर कळले असते, तर कित्येकांनी पाकीट बंद केले असते.

खरे बोलणारेही आहेत

सगळेच मूठ झाकतात असे नाही. पुण्यातल्या सुपरगेमिंग या कंपनीचा ‘इंडस’ हा लढाईचा खेळ 2022 मध्ये जाहीर झाला आणि बाजारात आला ऑक्टोबर 2024 मध्ये. मधल्या काळात कंपनीने तो अर्धवट असतानाच खेळाडूंना बोलावून खेळायला दिला, त्यांची मते घेतली, उशीर होत असताना काम कुठवर आले हे सांगत राहिली. आपली अपुरी वस्तू लोकांसमोर ठेवायला धैर्य लागते. यात जाहिरातही होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण खेळाडूला ‘हे अजून नीट झालेले नाही’ असे आधी सांगणे आणि पैसे घेतल्यानंतर त्याला ते कळणे, यात फार अंतर आहे.

‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या खेळाने 2021 मध्ये भारतात येतानाच अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी दिवसाला तीन तास आणि 7,000 रुपये अशी मर्यादा जाहीर केली होती. तीन तास आणि सात हजार हे आकडे कुठल्याही पालकाला जास्तच वाटतील. तरीही मर्यादा आकड्यात जाहीर झाली की तिच्यावर वाद घालता येतो. न सांगितलेल्या मर्यादेवर वाद कसा घालणार?

मोकळेपणाला खेळाडूंकडूनही साथ लागते. ‘नो मॅन्स स्काय’ या ब्रिटिश खेळाच्या निर्मात्यांनी 2016 मध्ये खेळ काही आठवडे लांबणीवर टाकल्याचे सांगताच त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ऑगस्टमध्ये खेळ आला तेव्हा त्यात सांगितलेल्या अनेक गोष्टी नव्हत्या. लोक चिडले आणि निर्माते काही महिने जवळजवळ गप्प झाले. नंतर एकामागून एक मोफत सुधारणा देत त्यांनी विश्वास परत मिळवला. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या कुणालाही हे चक्र ओळखीचे वाटेल. वाईट बातमी खरेपणाने सांगणाऱ्या निवासी डॉक्टरच्या अंगावर नातेवाईक धावून गेले, की पुढचा डॉक्टर मोजके आणि गोलमोल बोलायला शिकतो. खरे ऐकायचे असेल तर खरे सांगणाऱ्याला मारायचे नसते, हा नियम दवाखान्यात आणि खेळात सारखाच आहे.

विदर्भाच्या जावयाची गोष्ट

विदर्भाला तर हा धडा नवा नसावा. दमयंती ही विदर्भाची राजकन्या. तिचे कुंडिनपूर म्हणजे आजचे अमरावती जिल्ह्यातले कौंडिण्यपूर, असे परंपरा मानते. महाभारतात तिच्या नवऱ्याची, नलराजाची गोष्ट येते. त्याच्या अंगात कली शिरला आणि तो भावाशी द्यूत खेळत राज्य हरला. मंत्र्यांनी विनवले, दमयंतीने विनवले, तो थांबला नाही. ताबा सुटणे, इतर सगळे मागे पडणे, नुकसान दिसूनही खेळत राहणे : वर सांगितलेल्या तिन्ही खुणा त्याच्यात आहेत.

पुढे वेषांतर करून तो ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. विदर्भाकडे येताना वाटेत राजाने बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नजरेने मोजून दाखवली आणि नलाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म शिकवले. ते कळताच कली त्याच्या अंगातून बाहेर पडला. उपदेशाने आणि रडण्याने जे झाले नाही, ते फाशाचे गणित कळल्याने झाले. कथेत नल पुन्हा डाव मांडतो आणि राज्य जिंकतो. मोबाइलवर मात्र तसे होत नाही, कारण तिथे फासे कायम कंपनीच्याच हातात असतात. म्हणून तिथे मर्म कळण्याचा उपयोग डाव जिंकण्यासाठी नाही, उठण्यासाठी आहे.

कायदा कुठवर पोहोचतो?

जुलै 2023 मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात सुमारे 58 कोटी रुपयांची फसवणूक झाल्याची तक्रार केली आणि पोलिसांनी गोंदियात छापा घालून कोट्यवधींची रोकड आणि सोने जप्त केले. शहरात काही दिवस दुसरा विषय नव्हता. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ चालवण्यावर बंदी घातली. मुंबईच्या ड्रीम 11 ने त्याच महिन्यात पैशांच्या स्पर्धा थांबवल्या.

हे आवश्यकच होते. पण पैसे देऊन नुसती वस्तू, पोशाख किंवा शस्त्र मिळवण्याचे खेळ वेगळे आहेत. त्यातून पैसे परत मिळत नाहीत, फक्त जातात, आणि मुलांच्या हातात जास्त करून हेच खेळ असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये तेरा फसव्या रचनांना मनाई केली. खोटी घाई करणे, नको म्हणणाऱ्याला लाजवणे अशा त्या रचना आहेत. बंद पेटीत काय निघण्याची शक्यता किती, हे सांगण्याची सक्ती मात्र त्यात नाही.

सक्तीनेही सगळे सुटत नाही. चीनने 2017 पासून शक्यतांचे आकडे जाहीर करायला लावले. पुढे संशोधकांनी तपासले तेव्हा बहुतेक खेळांनी आकडे दिलेले होते, पण बऱ्याचदा सहजी सापडणार नाहीत अशा ठिकाणी. आणि आकडा दिसला तरी तो कळतोच असे नाही. ‘शक्यता 1 टक्का’ वाचून अनेकांना वाटते की शंभर पेट्या उघडल्या की वस्तू नक्की. हिशेब वेगळा आहे : शंभर पेट्या उघडूनही शंभरातले सुमारे 37 जण रिकाम्या हाताने राहतात. एका पेटीला 50 रुपये पडत असतील, तर त्या 37 जणांचे प्रत्येकी पाच हजार गेलेले असतात. खरा मोकळेपणा म्हणजे टक्केवारी नव्हे, हे रुपयांतले वाक्य.

म्हणून खेळ बनवणाऱ्यांकडून चार गोष्टी मागायला हव्यात. एक, पैसे घेण्याआधी, त्याच पडद्यावर, शक्यता रुपयांत सांगा. दोन, शक्यतेत बदल केला तर तारखेसह जाहीर करा. तीन, या महिन्यात किती तास आणि किती रुपये गेले, हे खेळाडूला न विचारता दाखवा. चार, हे सगळे मराठीत सांगा. खेळ मराठी घरातून पैसे घेतो आणि अटी इंग्रजीत लिहितो, ही समजून दिलेली संमती नाही. खेळ बनवणारे म्हणतील की हे व्यवसायाचे गुपित आहे. औषधाचे उत्पादकही कधीकाळी घटकांविषयी तेच म्हणत.

घरातली उघडी मूठ

मोकळेपणाची अपेक्षा कंपनीकडून करायची आणि घरात मोबाइल हिसकावून आरडाओरडा करायचा, हे जुळत नाही. ओरड्याने मूल खेळणे थांबवत नाही, सांगणे थांबवते. मग त्याचीही मूठ झाकली जाते. त्याऐवजी एखादे दिवशी शेजारी बसून एकच प्रश्न विचारावा : ‘हा खेळ फुकट आहे, मग ही कंपनी पैसे कसे कमावते?’ मुले याचे उत्तर शोधण्यात रमतात आणि शोधता शोधता खेळाकडे बाहेरून पाहू लागतात. बँकेचा ओटीपी मुलांच्या हाती न देणे, महिन्याचा खर्च एकत्र बसून पाहणे, रात्री मोबाइल झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवणे, आणि हे नियम मोठ्यांनीही पाळणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

झोप उडाली, मार्क घसरले, घरातून पैसे जाऊ लागले, खोटे बोलणे वाढले, खेळ काढून घेतल्यावर मूल अनावर होऊ लागले, तर मात्र वर्षभर वाट पाहत बसू नये. नागपुरात मेडिकल आणि मेयोच्या मनोविकार विभागात, तसेच प्रादेशिक मनोरुग्णालयात यासाठी जाता येते. मनोरुग्णालयाच्या नावाला बिचकण्याचे कारण नाही. घरबसल्या बोलायचे असेल तर ‘टेलिमानस’चा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. सोबत जाणाऱ्याने किती तास, किती पैसे, केव्हापासून, हे न लपवता सांगावे. खरी माहिती मिळाली की उपचाराची अर्धी वाट तिथेच सरते.